खडूचा ओटा

"आजपासून या घरात एक खिळासुद्धा अंदाजाने ठोकला जाणार नाही!"

भिंगरीच्या आईने ही घोषणा केली तेव्हा तिच्या एका हातात मोजपट्टी होती, दुसऱ्या हातात आलेखाचा कागद होता आणि कानामागे टोक केलेली पेन्सिल होती. तिने सांख्यिकीत एम.एस्सी. केलं होतं. भिंगरी झाल्यापासूनच्या अडीच वर्षांत त्या एम.एस्सी.चा उपयोग ताप मोजणे आणि औषधाचे थेंब मोजणे यापलीकडे काही झाला नव्हता. साठून राहिलेली ती सगळी सांख्यिकी आता एकदम स्वयंपाकघरावर कोसळणार, हे तिच्या नवऱ्याने ओळखलं आणि तो हळूच चपला शोधू लागला.

"कुठे निघालास? बैस. खर्चाचा तक्ता वाचायचाय."

"मी आलोच दोन मिनिटांत."

"तुझी दोन मिनिटं म्हणजे सरासरी बेचाळीस. मी नोंद ठेवली आहे. बैस!"

तो बसला. सासूबाईही बसल्या. भिंगरी बसली नाही, कारण बसणं हा प्रकार तिला मुळातच मान्य नव्हता.

घर जुनं होतं. दोन वर्षांपूर्वी ते घेतलं तेव्हा "जुनं बांधकाम आहे साहेब, भिंती बघा कशा!" असं म्हणत दलालाने भिंतीवर थाप मारली होती आणि त्या थापेसरशी ताटाएवढा पोपडा त्याच्या पायावर पडला होता. बाकी सगळं चालण्यासारखं होतं. नव्हतं ते स्वयंपाकघर. बुटाच्या खोक्यासारखी लांबट खोली, टोकाला भिंतीला चिकटलेला ओटा आणि त्यावर शेगडी. ज्याने ते बांधलं त्याचा असा समज असावा, की स्वयंपाक करणाऱ्या बाईने रोज तास-दोन तास भिंतीकडे तोंड करून आपल्या चुकांचा विचार करावा.

चुकांचं सोडा, पण पाठीमागे काय चाललंय ते कसं कळणार? पाठीमागे भिंगरी होती! एकदा कांदा चिरून होईपर्यंत भिंगरीने बाबांच्या सदऱ्याचं बटण गिळलं. पुढचे तीन दिवस त्या घराने जे शोधकार्य केलं त्याचं वर्णन इथे नको. बटण चौथ्या दिवशी सुखरूप परत आलं, एवढं पुरे. पण भिंगरीच्या आईचा त्या दिवसापासून भिंतीवरचा विश्वास उडाला. तिने नवऱ्याच्या जुन्या स्कूटरचा आरसा काढून शेगडीच्या वर खिळ्याला टांगला. तेव्हापासून ती स्वयंपाक करत नसे, स्वयंपाक चालवत असे. फोडणी टाकायची, आरशात बघायचं. झाकण ठेवायचं, आरशात बघायचं. नवऱ्याने तिचं नाव 'सीसीटीव्ही' ठेवलं. पण आरशात मधल्या खोलीचा अर्धाच भाग दिसायचा, आणि न दिसणारा अर्धा भाग कोणता, हे भिंगरीने दोन दिवसांत शोधून काढलं होतं.

तर हा सगळा खटाटोप ना ओट्यासाठी होता, ना कपाटांसाठी. तिला एकच गोष्ट हवी होती. भाजी परतताना मान वर केली, की समोर भिंगरी दिसली पाहिजे. बस्स!

"ही मधली भिंत कमरेपर्यंत उतरवायची," तिने कागदावर पेन्सिल टेकवली. "त्या अर्ध्या भिंतीला लागून नवा ओटा. शेगडी मधल्या खोलीकडे तोंड करून. जुना ओटा नंतर काढून टाकायचा. भिंत, दगड, कपाटं, नळ, रंग, सगळं मिळून तीन लाख. एक पैसा वर नाही. आणि शेवटी ही ओळ बघ. अनपेक्षित खर्च, दहा टक्के."

"अनपेक्षित आहे तर तुला आधीच कसं कळलं?"

"शास्त्र आहे ते!"

"बरं बाई, शास्त्र," सासूबाई म्हणाल्या. "पण या शास्त्रात माझे गुडघे कुठे बसतात? मला उभ्याने भाजी चिरवत नाही आणि खाली बसलं तर उठवत नाही."

"आई, बघते हं काहीतरी," असं ती म्हणाली खरी, पण तक्त्यात गुडघ्यांसाठी रकानाच नव्हता. तिने तो विषय मनातल्या मनात पुढच्या पानावर ढकलला.

कागदावर समाधान होईना म्हणून तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढऱ्या खडूने नवा ओटा पुऱ्या मापात आखला. नुसता आखला नाही, तर हुकूम काढला. "आठ दिवस आपण या ओट्यासोबत राहून बघायचं. रेघेच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही. ओटा आहे तो!"

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी धुतलेल्या बटाट्यांची परडी त्या खडूच्या ओट्यावर, म्हणजे जमिनीवर, ठेवली. तिसऱ्या दिवसापासून तर त्याच सगळ्यांत कडक पहारेकरी झाल्या.

"अरे, अरे! फ्रीजमधून आलास!" त्या लेकावर खेकसल्या.

"कुठाय फ्रीज?"

"तो चौकोन काय आहे मग? बाहेरून वळून ये. आणि येताना दार लाव त्याचं!"

शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि रेघेवर उभ्या राहिल्या. सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. "अहो, ओट्यावर पाय!" काकूंनी खाली पाहिलं, वर पाहिलं, या कुटुंबाकडे पाहिलं आणि साखर न घेताच निघून गेल्या. त्यानंतर महिनाभर त्या रस्त्यात भेटल्या की फार हळू आवाजात आणि सावकाश बोलत.

रेघ न पाळणारी घरात एकच व्यक्ती होती. भिंगरी त्या ओट्याच्या बरोबर मध्यभागी मांडी घालून बसायची. ती तिथे मात्र बसायची! तिला उचलावं तर आरडाओरडा. शेवटी "ओट्यावर मूल बसतंच," असं म्हणून नियमात दुरुस्ती करण्यात आली. भिंगरीला दुसरा नाद होता तो चित्रांचा. चित्रं म्हणजे एकच चित्र. खाली एक मोठं वासलेलं तोंड, वर दोन गोल डोळे. त्याचं नाव 'बाऊ'. बाऊ सोफ्यामागच्या भिंतीवर होता, फ्रीजच्या दारावर होता, बाबांच्या विम्याच्या कागदांवर तर प्रत्येक पानावर सहीसारखा होता.

नवव्या दिवशी मिस्त्री आला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, बोलणं मोजकं. त्याच्याही कानामागे पेन्सिल होती. भिंगरीच्या आईने त्याची पेन्सिल पाहिली, त्याने तिची पाहिली आणि कुस्तीच्या आधी दोन पैलवान पाहतात तसे दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले.

तिने आलेखाचा कागद उलगडला. मिस्त्रीने तो बराच वेळ कौतुकाने न्याहाळला.

"फार सुंदर काढलंय, वहिनी. पण हे घर वेगळं आणि आपण उभे आहोत ते वेगळं."

"म्हणजे?"

त्याने कोपऱ्यात काटकोन्या टेकवला. एका बाजूने बोट आत जात होतं. दुसऱ्या कोपऱ्यात टेकवला. तिथे अख्खा हात जात होता!

"या घरात एकही कोपरा सरळ नाही. आकड्यांवरून दगड कापला तर तो इथे बसायचाच नाही. मी आकडे घेत नाही. जमिनीवर जी रेघ असेल तिच्यावर वर्तमानपत्र पसरतो, रेघ उतरवून घेतो आणि तो कागद कापून ग्रॅनाइटवाल्याला देतो. तो त्याच मापाने दगड कापतो. तीस वर्षांत एक दगड परत आलेला नाही."

हे तिला मनापासून पटलं. काहीच अंदाजाने नाही, रेघ तशी शिळा! "हेच तर मी म्हणते!" ती नवऱ्याला म्हणाली. नवरा मान डोलावत होता. त्याने मान डोलावण्याचंच धोरण ठेवलं होतं.

भिंत पाडायला सुरुवात झाली. साडेदहा वाजता भिंतीच्या पोटातून एक लोखंडी नळ निघाला. तो कुठून येतो आणि कुठे जातो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रीने त्यावर हातोडी वाजवून कान लावला.

"बंद आहे. कधीचाच बंद आहे."

मग त्याने करवत लावली. तो बंद नव्हता.

प्लंबर येईपर्यंत घरात घोट्याएवढं पाणी झालं होतं. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, नवरा बादलीने पाणी बाहेर लोटत होता आणि भिंगरी पाण्यात थपाथप नाचत आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस साजरा करत होती. प्लंबरने नळ वळवला, जोडला, वर एक नवी तोटी सुचवली आणि जाताना जे बिल दिलं ते वाचून भिंगरीच्या आईने तक्ता काढला. 'अनपेक्षित' ही ओळ तिने शांतपणे खोडली. काम सुरू होऊन दोन तास झाले होते.

"शास्त्र खरं ठरलं बघ," नवरा म्हणाला. तो पुढे काही म्हणणार होता, पण तिच्या हातातली मोजपट्टी लोखंडी होती.

तरी ती खचली नाही. कारण संध्याकाळी धुरळा खाली बसल्यावर कमरेएवढ्या उरलेल्या भिंतीमागे ती उभी राहिली, आणि समोर अख्खी मधली खोली दिसली! सोफा, खिडकी, खेळण्यांची टोपली, दोन्ही कोपरे. आणि मधोमध, एक मोजा घातलेली भिंगरी. तिला भरूनच आलं. त्या भरात तिने जुन्या ओट्यावरचा स्कूटरचा आरसा काढला आणि माळ्यावर टाकला. "आता याची काय गरज?"

गरज आणखी आठ दिवस होती. शेगडी अजून जुन्याच ओट्यावर होती.

सोमवारी सकाळी तिने पुसट झालेली रेघ पट्टी लावून पुन्हा आखली. अर्ध्या इंचाचासुद्धा फरक नाही! इतक्यात दूध वर यायला लागलं म्हणून ती शेगडीकडे धावली. मग दूध गाळलं, भाजीला फोडणी दिली, भाजी परतली. पाठ मधल्या खोलीकडे, तोंड भिंतीकडे, आरसा माळ्यावर. एकूण अकरा मिनिटं. खडू तिने जमिनीवरच ठेवला होता.

वळून पाहते तर भिंगरी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी!

"अगं बाई! पिठाचा डबा उघडलास ना? तरी मी म्हणते आज इतकी शांतता कशी!"

भिंगरीने हसून दोन्ही पांढरे हात दाखवले. तिला तसंच काखोटीला मारून आई न्हाणीघरात गेली. अंगावर पाणी पडतंय तोवर दारात मिस्त्रीचा आवाज आला.

"वहिनी, कागद उतरवायला आलोय!"

"घ्या उतरवून!" तिने आतून ओरडून सांगितलं. "रेघ सोडू नका हं मिस्त्री! जशी आहे तशी! एक सूतभरही इकडे तिकडे नको!"

मिस्त्री वर्तमानपत्रं पसरून गुडघ्यांवर बसला. मग थांबला. त्याने नवऱ्याला हाक मारली.

"साहेब, इथे हा असा गोल घास घेतलाय आत. आणि वर दोन वर्तुळं. हे असंच हवंय का?"

नवऱ्याने पाहिलं. सरळ चाललेली रेघ मध्येच आत शिरून, अर्धचंद्रासारखी वळून पुन्हा बाहेर येत होती. त्याला काही उलगडा होईना, पण आपल्याला उलगडा होत नाही याचा अर्थ बायकोने पुष्कळ विचार केला आहे, असा त्याचा पूर्वानुभव होता.

"मिस्त्री," तो छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्याकडे एक रेघही उगीच नसते. तिने एम.एस्सी. केलंय!"

"मग वर्तुळं नळांची असणार. एक गरम, एक गार," मिस्त्री म्हणाला आणि त्याने तीही उतरवून घेतली.

सासूबाई हे सगळं दारातून पाहत होत्या. तो अर्धचंद्र त्यांनी नीट पाहिला. त्यात एक स्टूल बरोब्बर बसणार होतं. स्टुलावर बसलं की दोन्ही बाजूंना ओटा, हाताशी भाजी, गुडघ्यांना आराम! त्यांचे डोळे पाणावले. सुनेने न बोलता, न गाजावाजा करता आपल्यासाठी जागा काढली होती.

त्यानंतरच्या तीन दिवसांत सासूबाईंनी जे केलं त्याने भिंगरीची आई गोंधळून गेली. सकाळचा चहा हातात! दुपारी "तू पड जरा, मी भिंगरीला बघते!" एकदा तर जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने गुपचूप कपाळाला हात लावून सासूबाईंना ताप तर नाही ना, ते पाहिलं.

"माझा विचार पोटच्या पोराने केला नसता गं, इतका तू केलास," त्या म्हणाल्या.

तिला वाटलं, आपण डब्यांची फळी खाली घेतली त्याबद्दल बोलताहेत. "अहो आई, त्यात काय एवढं! वर पोचायला त्रास होतो ना तुम्हाला."

"वर?" सासूबाई जरा थबकल्या. "हो, वरही होतोच. पण मुख्य म्हणजे खाली."

"खालीही करू मग एखादी!"

"नको नको, एक पुरे. तेवढ्यात मी सुखी आहे."

नवराही एकदा म्हणाला, "एक सांगू? तू सगळं सरळसोट करशील असं मला वाटलं होतं. पण छान वळण दिलंस." तिला वाटलं, तो त्याच्या आईशी असलेल्या आपल्या वागण्याबद्दल बोलतोय. ती लाजली. त्या आठवड्यात त्या घरात इतका गोडवा पसरला होता, की मुंग्या यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

गुरुवारी दगड आला. चौघांनी उचलून आणला, गोणपाटात गुंडाळलेला. मिस्त्रीने तो भिंतीला उभा टेकवला, हात झटकले आणि जादूगाराने रुमाल ओढावा तसं गोणपाट ओढलं.

काळा कुळकुळीत, चकचकीत ग्रॅनाइट. कडेला अर्धचंद्राएवढा घास घेतलेला, आणि त्याच्यासमोर दोन गोल भोकं.

भिंगरीच्या आईने त्या घासात हात घालून पाहिला. दोन वर्षं एकेका गोष्टीला काट मारून जमवलेल्या पैशांतला हा सर्वांत मोठा तुकडा होता.

"हे... हे काय आहे?"

"ओटा, वहिनी."

"याला उंदराने खाल्लंय का?"

मिस्त्रीचा चेहरा पडला. तीस वर्षांत त्याचा एकही दगड परत गेला नव्हता. त्याने पिशवीतून वर्तमानपत्राचा साचा काढला आणि कोर्टात पुरावा मांडावा तसा दगडावर ठेवला. कडेला कड, घासाला घास, भोकाला भोक. सूतभरही फरक नाही!

"तुम्हीच आतून सांगितलंत, रेघ सोडू नका."

"पण मी अशी रेघ काढलीच नव्हती!"

"तू काढली नव्हतीस?" नवरा.

"नव्हती! आणि तू पाहिलंस? मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुझं शास्त्र असेल!"

"नळ होते ना ते?" मिस्त्रीने क्षीण आवाजात विचारलं. "गरम, गार?"

"अहो, नळ शेगडीला लागून कोण लावतं!"

सगळे एकदम बोलू लागले. दगड वाहून आणणारे चौघे भिंतीला टेकून हा खटला मोठ्या रसाने ऐकत होते. त्या गलक्यात भिंगरी आतून धावत आली, दगडासमोर थांबली आणि तिने दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

"बाऊ!"

सगळे तिच्याकडे वळले.

भिंगरीच्या आईने मान तिरकी करून दगडाकडे पाहिलं. मान तिरकी केल्यावर घासाचं वासलेलं तोंड झालं आणि वर दोन गोल डोळे आले. सोफ्यामागच्या भिंतीवर होता तोच, फ्रीजवर होता तोच, विम्याच्या कागदांवर होता तोच! अस्सल ग्रॅनाइटमधला, सहा फुटी, सगळ्या घराकडे आ वासून बघणारा बाऊ.

"पीठ नव्हतं ते," ती खाली बसत म्हणाली. "खडू होता. हिने मधली रेघ पुसून तिथे बाऊ काढला. मी पाठ फिरवली होती. अकराच मिनिटं!"

आता तुम्ही म्हणाल, दुसरा दगड घ्यायचा. घ्यायचा कशाचा! तक्ता तिला तोंडपाठ होता. दुसरा दगड घेतला तर कपाटं नाहीत. कपाटं हवीत तर हाच दगड. अनपेक्षितचे दहा टक्के नळातून वाहून गेले होते. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. जी गोष्ट पाठीमागे घडू नये म्हणून हा सगळा घाट घातला, तीच गोष्ट पाठीमागे घडून दगडात कोरली गेली होती!

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. नेहमीसारखा नव्हे, अगदी बारीक.

"म्हणजे ती जागा माझ्यासाठी नव्हती तर."

"कुठली जागा, आई?"

सासूबाईंनी अर्धचंद्राकडे बोट केलं. त्यांच्या दुसऱ्या हातात एक स्टूल होतं. नवंकोरं. त्यांनी ते कालच बाजारातून आणून पलंगाखाली लपवलं होतं, दगड बसला की सगळ्यांना चकित करायचं म्हणून. त्यावर उशीसुद्धा शिवली होती.

तीन दिवसांचा चहा, डोक्यावरून फिरलेला हात, "तेवढ्यात मी सुखी आहे", सगळं एका क्षणात भिंगरीच्या आईच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. "हो, तुमच्यासाठीच," असं म्हणून टाकायचा मोह तिला झाला. पण ती पडली मोजूनमापून बोलणारी.

"नव्हती, आई," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण आता आहे." आणि मिस्त्रीकडे वळून, "मिस्त्री, बसवा दगड. असाच बसवा."

"असाच?" मिस्त्रीच्या तोंडावर पुन्हा तीस वर्षांचं तेज आलं.

"जसा आहे तसा. रेघ सोडू नका!"

दगड बसला, आणि गंमत म्हणजे त्या वाकड्या घरात तो असा चपखल बसला की फटीत कागद जाईना. एका भोकाखाली कपाटात टोपली ठेवली. सासूबाई स्टुलावर बसून सालं काढत आणि बोटाच्या एका ढकलीने ती भोकातून खाली. शेजारच्या काकू हे पाहायला मुद्दाम आल्या, आधी ओट्याला हात लावून तो खरा असल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "अय्या, हे कुणी सुचवलं? आम्हालाही करायचंय!" दुसऱ्या भोकाचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचलं नाही. ते तसंच राहिलं.

जुना ओटा निघाला. शेगडी नव्या जागी आली. रंग वाळला. खर्चाचा तक्ता तीन लाखांवर आठशे पन्नासने हुकला आणि ते आठशे पन्नास नवऱ्याने "अनपेक्षितातलं अनपेक्षित" म्हणून स्वतःच्या खिशातून भरले.

आणि तो दिवस उजाडला! भिंगरीच्या आईने शेगडी पेटवली. कढई ठेवली. तेल टाकलं. मग हळूहळू, दोन वर्षांची हौस पुरवत, तिने मान वर केली.

समोर मधली खोली. सोफा दिसत होता. खिडकी दिसत होती. खेळण्यांची टोपली, दोन्ही कोपरे, सोफ्यामागचा बाऊ, सगळं लख्ख दिसत होतं.

फक्त भिंगरी दिसत नव्हती.

"भिंगरी? भिंगरी कुठाय?" शेगडी बंद. पदर खोचला. सोफ्यामागे नाही. पडद्यामागे नाही. पलंगाखाली नाही. "अहो आई, भिंगरी!" सासूबाई स्टुलावरून उठल्या. नवरा अर्धी दाढी केलेला तसाच बाहेर धावला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन, सगळ्या गल्लीला अर्धी दाढी दाखवून परत आला. भिंगरीच्या आईने पुन्हा सगळे कोपरे पाहिले. ती नव्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ओटा तिच्याकडे बघत होता.

खरंच बघत होता! दुसऱ्या भोकातून, त्या कुणालाच उपयोग न सुचलेल्या भोकातून, एक काळाभोर डोळा वर रोखलेला होता. तो एकदा मिचकला.

तिने खाली बसून शेगडीखालचं कपाट उघडलं. आत पातेल्यांच्या मधोमध मांडी घालून भिंगरी बसली होती. जिथे खडूच्या ओट्यात ती बसायची, तिथेच. अगदी अर्ध्या इंचाचासुद्धा फरक नाही.

"आई दिशते!" भिंगरीने जाहीर केलं.

दोन वर्षं, तीन लाख, एक भिंत, आणि मुलगी बसली कुठे? तर आईच्या पायाशी. सगळीकडचं दिसेल अशा घरात जी एकच जागा दिसत नव्हती, तिथे! आई हसली, मग जरा रडली, मग पुन्हा हसली. पातेली वरच्या फळीवर गेली आणि कपाटात एक जुनी गोधडी आली. शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

संध्याकाळी नवरा माळ्यावर चढला आणि धूळ झटकून स्कूटरचा आरसा घेऊन उतरला. मग खिळा तोंडात आणि हातोडी हातात धरून, तो नव्या कपाटासमोरच्या भिंतीशी, अगदी जमिनीलगत वाकून बसला.

"बोला, सीसीटीव्ही! जमिनीपासून किती इंचावर? मोजपट्टी आणू?"

भिंगरीच्या आईने कढईवर झाकण ठेवलं. भोकातून एक डोळा तिच्याकडे रोखलेला होताच.

"ठोक रे," ती म्हणाली. "अंदाजानेच!"